वासाचा रकाना

४ मार्च

मोजणीबाई,

पाकीट जड लागलं म्हणून घाबरू नकोस. आत माझ्या बिअरच्या वहीच्या प्रती आहेत, सगळी मिळून एकशे एकोणसत्तर पानं. प्रती काढणाऱ्याने दोनदा विचारलं, "काका, प्रबंध आहे का?" मी म्हटलं, तसंच समजा.

सात वर्षांत आठशे त्रेचाळीस नोंदी झाल्या. आठवड्याला दोन-तीन बाटल्या, प्रत्येकीतला पाव ग्लास माझा, उरलेली शेजारच्या सुताराची. म्हणून तो सुतार माझ्या छंदाचा फार आदर करतो. तुझी मामी थेंबाला शिवत नाही, फक्त बाटल्या मोजते.

पद्धत सांगतो, म्हणजे तुला कोडं पडायला नको. पाच रकाने, प्रत्येकी दहा गुण : रंग, फेस, वास, जीभ, शेपूट. जीभ म्हणजे कडू-गोड-आंबटाचा तोल. शेपूट म्हणजे घोट गिळल्यावर मागे रेंगाळतं ते. समोर तारीख, प्रकार आणि एका ओळीचा शेरा.

आता काम. मेमधल्या घरगुती बिअरच्या स्पर्धेला आमच्या बिअर-मंडळाने मला या वर्षी मुख्य परीक्षक केलंय. गेल्या वर्षी मी तिघांतला एक होतो, आता तिघांच्या वर. तिथे मिरवायला माझ्याकडे आकडे हवेत. कोणत्या प्रकाराला मी सरासरी किती देतो, वयाबरोबर माझा हात सैल पडत चाललाय का, आणि माझा सगळ्यात भरवशाचा रकाना कुठला, एवढं काढून दे. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मला ठाऊक आहे. एकतीस वर्षं जलशुद्धीकरणाच्या प्रयोगशाळेत रोज सकाळी कोमट पाण्याच्या चंबूत नाक घातलंय मी. माझ्या सहीशिवाय पाणी नळाला जात नसे. तरी तुझ्या तोंडून ऐकायचंय.

तुम्ही बसगाड्यांच्या उशिराचा हिशेब ठेवता, त्याच्यापेक्षा हे काम नक्की मजेचं आहे.

मामा

*

१९ मार्च

मामा,

मजेचं आहे, कबूल. दोन रविवार गेले. आमच्या खोलीतला टंकलेखक माझ्या खांद्यावरून डोकावून म्हणाला, "मॅडम, हा 'शेपूट ९' कोणत्या मार्गावर धावतो?"

तुझी उत्तरं. सगळ्यात जास्त गुण तू काळ्या, धुराचा वास असलेल्या बिअरना देतोस : पन्नासात सरासरी एकेचाळीस. सगळ्यात कमी फिकट, डबाबंद बिअरना : सव्वीस. हात सैल पडलेला नाही. पहिल्या वर्षीची सरासरी आणि गेल्या वर्षीची, फरक अर्ध्या गुणाचाही नाही. रविवारी तू इतर दिवसांपेक्षा एक गुण जास्त देतोस. त्याचं कारण तू शोध.

भरवशाच्या रकान्याबद्दल मात्र जरा अडखळले. पाच वर्षांहून जास्त काळ वासाचा रकाना खरंच बघण्यासारखा आहे. दोनपासून नऊपर्यंत सगळे आकडे, आणि तीच बाटली दोन वर्षांनी पुन्हा आली तरी जवळपास तेच गुण. पण गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीपासून ऑक्टोबरपर्यंत एकशे अठरा नोंदी आहेत आणि त्यात फक्त सहा आणि सात. पासष्ट वेळा सहा, त्रेपन्न वेळा सात. पाच नाही, आठ नाही. नोव्हेंबरपासून पुन्हा सगळं ठीक.

आमच्याकडे एका आगारात एक नोंदी ठेवणारा कारकून होता. त्याच्या तक्त्यात प्रत्येक गाडी चार नाहीतर पाच मिनिटं उशिरा. खऱ्या गाड्या अशा कधीच येत नाहीत. एखादी वेळेवर येते, एखादी वीस मिनिटं पत्ताच नाही. तो खिडकीत बसतच नव्हता. शेवटी चहाच्या दुकानात सापडला.

तेव्हा खरं सांग, त्या महिन्यांत कंटाळा आला होता ना? नंतर एका बैठकीत रकाना भरून टाकलास? रागावणार नाही. तेवढ्या नोंदी वगळून सरासरी काढते.

तुझी मोजणी

*

२५ मार्च

मोजणीबाई,

तक्ते मिळाले. छान आहेत.

चहाच्या दुकानातल्या माणसाशी माझी तुलना केलीस ते मात्र रुचलं नाही. मी कधीही एका बैठकीत काही भरलेलं नाही. नाक पिकलं की आरडाओरडा करत नाही, दोन आणि नऊ देणं हा नवशिक्यांचा उत्साह असतो. शिवाय गेल्या वर्षी बाजारात मालच सगळा सारखा आला होता.

काही वगळायचं नाही. आहे तशी सरासरी काढून पाठव. स्पर्धा एकोणीस मेला आहे.

मामा

*

२ एप्रिल

मामी,

हे पत्र मामाला दाखवू नकोस. तुझ्या नावावर स्वतंत्र पाकीट आलं म्हणून तो विचारेलच. तेव्हा विणकामाचा नमुना पाठवलाय असं सांग.

मामाने मला त्याची वही तपासायला दिली होती. त्यातल्या एका रकान्यावर बोट ठेवलं तर एकदम नाकावर राग. सहा ओळींचं पत्र आलं. मामाचं सहा ओळींचं पत्र तू कधी पाहिलंयस? मला वाटलं होतं, आळस केला असेल. पण तो म्हणतो माल सगळा सारखा होता, आणि ते खरं नाही. त्यातल्या बारा बिअर त्याने आधीच्या वर्षांत चाखलेल्या आहेत. तेव्हा एकीला वासाचे तीन दिले होते, एकीला नऊ. गेल्या वर्षी दोघींना सहा.

आणि आणखी एक. नोव्हेंबरपासून आकडे पुन्हा हलायला लागले, म्हणून मी खूश झाले होते. काल नीट पाहिलं. धुराच्या वासावर मामाचा जीव, त्या सहा-सातांच्या आधी आठाच्या खाली कधी उतरला नाही. आता धुराला तीन. आणि ज्या ज्या बिअरला संत्र्याचा वास, तिला नऊ. शेरेसुद्धा बदललेत. आधी असायचं "भाजलेलं धान्य, हलका धूर". आता "नवा बूट", "ओला पुठ्ठा", "पाहुण्यांचा साबण". मामी, हे नाक मामाचं नाही.

तिकडे काय चाललंय?

मोजणी

*

८ एप्रिल

पोरी,

विणकामाचा नमुना मिळाला. यांनी विचारलं, "मग स्वेटर कुणाचा?" आता मला कुणाचा तरी स्वेटर विणावा लागणार.

पाहुण्यांचा साबण माझा आहे. नवा बूटही माझाच.

गेल्या वर्षी जानेवारीत यांना मोठी सर्दी झाली होती. पंधरा दिवसांत बरे झाले, खोकला गेला. त्यानंतर मार्चमधली गोष्ट. मी खाली दळण आणायला गेले होते. परत आले, दार उघडलं आणि डोकं भणभणलं. शेगडीची ज्योत वाऱ्याने विझलेली, गॅस तसाच चालू. आणि हे तीन हातांवर टेबलाशी बसून शब्दकोडं सोडवतायत. मला म्हणाले, "पाच अक्षरी शब्द सांग, अर्थ 'दक्ष'." मी आधी बटण बंद केलं, मग सगळ्या खिडक्या उघडल्या. म्हटलं, जळमटं काढायची आहेत. यांनी काही विचारलं नाही. पण त्या दिवसापासून शेगडीजवळून जाताना बटणांवर हात फिरवून बघतात. म्हणजे त्यांना कळलं होतं, आणि मला कळलंय हे त्यांना कळू नये म्हणून मी गप्प बसले.

डोळ्यांनी सांभाळून घेतात. दुधाचं भांडं हलवून बघतात, शर्टाची कॉलर उजेडात धरतात. मी म्हणायचं, "काय छान वास सुटलाय," आणि त्यांनी म्हणायचं, "हो ना!" असं वर्ष गेलं.

नोव्हेंबरात एक दिवस ग्लास माझ्या नाकाखाली धरला. "बघू," म्हणे, "इतकी वर्षं माझ्याबरोबर राहून तुझं नाक किती तयार झालंय." मास्तर परीक्षा घेतो तशी ऐट. मी म्हटलं, ओला पुठ्ठा. त्यांनी निमूटपणे लिहून घेतलं. तेव्हापासून दर वेळी परीक्षा असते आणि दर वेळी मी पास होते.

तू म्हणशील, मग बोलत का नाहीस. अगं, अख्ख्या गावाचं पाणी ज्याच्या नाकावर चालायचं, त्याला "तुमचं नाक गेलं" असं कोणत्या तोंडाने सांगू? झाकली मूठ होती ती बरी होती. पण आता ही स्पर्धा. परवा आरशासमोर कोट घालून उभे होते. मला ते बघवेना.

तूच लिही. आकड्यांवरून कळलं म्हण, माझं नाव काढू नकोस.

मामी

*

१४ एप्रिल

मामा,

मागच्या पत्रात मी चेष्टा केली, ती चुकली. तू चहाच्या दुकानात नव्हतास. तू खिडकीतच बसला होतास, पण गाड्या दिसत नव्हत्या, हो ना?

मी आकडे वाचते, माणूस वाचायला मला वेळ लागतो. गेल्या फेब्रुवारीपासून तुला वास येत नाही असं मला वाटतं. नोव्हेंबरपासून घरात दुसरं नाक कामाला लागलंय. ते कुणाचं, हे मी विचारत नाही. चुकत असेन तर मला हवं ते बोल.

पण चुकत नसेन तर दोन गोष्टी आहेत. पहिली, डॉक्टर. सर्दीनंतर असं होतं म्हणतात, आणि काहींना वास परतही येतो. वाट बघत घरी बसण्यात अर्थ नाही.

दुसरी लिहायला जड जातंय. गेल्या मेमधल्या स्पर्धेच्या अडतीस बिअर तुझ्या वहीत आहेत. अडतीसही जणींना वासाचे सहा नाहीतर सात. त्या तुझ्या घरच्या बाटल्या नव्हत्या मामा, त्या कुणीतरी तयार करून आणलेल्या होत्या. माझ्याकडे फक्त तुझे आकडे आहेत. बाकीच्या दोघांचे आणि निकालाचे कागद तुझ्याकडे असतील. मला पाठवू नकोस. तूच बघ.

सरासरी मी अजून काढलेली नाही.

मोजणी

*

६ मे

मोजणीबाई,

तीन आठवडे पेन उचललं नाही. पहिल्या आठवड्यात तुझ्यावर चिडलो होतो, दुसऱ्यात डॉक्टरकडे गेलो, तिसऱ्यात जे केलं ते खाली लिहितो.

नाकाच्या डॉक्टरने चार कुप्या हुंगायला दिल्या. पहिल्या तीन माझ्या लेखी पाणी. चौथ्या कुपीने नाक थोडं झोंबलं, तर मी आनंदाने ओरडलो, "आला!" तो म्हणाला, "हा वास नाही, नुसती झोंब आहे." सर्दीने आतली नस दुखावली आहे. परत येईल, न येईल. रोज सकाळ-संध्याकाळ कुप्या हुंगायच्या, सहा महिने धीर धरायचा. हुंगतो.

तुझ्या मामीला सगळं सांगितलं. मला वाटलं धक्का बसेल. ती म्हणाली, "बरं झालं बाई. आता खरे गुण देता येतील. तुमचा मान राखायला धुराच्या बिअरला तीन देत होते, एकच द्यायचा होता." मग उठून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. तिला किती दिवसांपासून माहीत होतं, ते मी विचारलं नाही. तिचे डोळे बघून कळलं.

आता निकालाचे कागद. तिघा परीक्षकांची सरासरी काढून पहिल्या दहांना अंतिम फेरीत घेतात. अकरावी आलेली बिअर दहावीपेक्षा पाऊण गुणाने मागे होती. गव्हाची, संत्र्याची साल घातलेली, बंद पडलेल्या डेअरीत एक बाई बनवते. पूर्वी ती शाळेत रसायनशास्त्र शिकवायची, अजून सगळे तिला मास्तरीण म्हणतात. वासाचे बाकीच्या दोघांनी तिला नऊ-नऊ दिले होते. मी सहा. मीही नऊ दिले असते तर ती आत होती. तुला मांडून दाखवायला नको.

परवा तिच्याकडे गेलो. दोन बस बदलून, अगदी नाक मुठीत धरून. ती रबरी बूट घालून पिंप धूत होती. मला ओळखलं. म्हणाली, "या वर्षीचे मुख्य परीक्षक स्वतः? आम्ही अर्ज भरलाय, पण अजून बाटल्या द्यायला अवकाश आहे."

मी उभ्यानेच सांगितलं. गेल्या वर्षी मला वास येत नव्हता आणि तुमच्या बिअरला मी सहा गुण अंदाजाने दिले.

तिने नळ बंद केला. "अंदाजाने?"

"हो."

"बाकीचे चार रकाने?"

"ते खरे. रंग आठ, फेस आठ, जीभ नऊ, शेपूट नऊ."

तिने हात पुसले. मग मला आतल्या खोलीत नेलं. फळीवर बाटल्यांच्या पाच रांगा होत्या. "तुमचं गुणपत्रक आलं तेव्हा मला वाटलं, दोघं जुन्या ओळखीचे आहेत, भिडेखातर नऊ देतात, पाण्याच्या खात्यातला माणूस तेवढा खरं बोलला. वर्षभर वासच बदलत बसले. साल कमी केली, जास्त केली, वाळवून घातली, ताजी घातली. पाच वेळा. आणि मूळची होती तशी आता मलाच जमेना झालीय."

मोजणीबाई, एकतीस वर्षांत माझ्या सहीने एकदाही वाईट पाणी गेलं नाही. आणि इथे एका सहाने या बाईचं वर्ष गेलं.

मी माफी मागितली. ती म्हणाली, "तुम्ही आलात, बरं केलंत. पण मला एकटीला सांगून तुमचं ओझं उतरेल, माझं नाही उतरत. अडतीस जण होते. मंडळात सांगा."

मंडळाची बैठक बारा तारखेला आहे.

मामा

*

९ मे

मामा,

पत्र वाचून दुपारभर कामात लक्ष लागलं नाही.

तू बैठकीला जाऊन सगळ्यांसमोर उभा राहणार, हे मला सहन होत नाही. तब्येतीच्या कारणाने परीक्षकपद सोडतो, असं दोन ओळींचं पत्र अध्यक्षांना दे. ते खोटंही नाही. गेल्या वर्षीचं त्यांना एकट्याला खासगीत सांग, ते करायचं ते करतील. या वयात चारचौघांत नाक कापून घ्यायची काय गरज आहे? तू माझं ऐकत नाहीस हे माहीत आहे, तरी लिहिते.

हे सगळं मी उकरून काढलं. वही तशीच परत पाठवली असती तर बरं झालं असतं का, असा विचार सारखा येतो.

तुझी मोजणी

*

२३ मे

मोजणीबाई,

तुझं ऐकलं नाही.

दोन ओळींचं पत्र लिहिलं होतं, खिशात होतं. बैठकीत तीस-पस्तीस माणसं, वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर, लोखंडी खुर्च्या. मास्तरीण शेवटच्या रांगेत होती. अध्यक्षांनी माझं नाव घेतलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्या टाळ्या ऐकून मला ते पत्र काढवेना. तब्येत म्हटली असती तर त्यांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या असत्या. मग सरळ बोललो. सर्दीपासून सगळं. आकडे सांगितले : अडतीस बिअर, सहा आणि सात.

खुर्च्या तेवढ्या करकरल्या. मग एक बेकरीवाला उठला. गेल्या वर्षी त्याची बिअर तिसावी आली होती. म्हणाला, "म्हणजे आम्ही हसं करून घेतलं ते तुमच्यामुळे?" त्याची बिअर खरंच तिसावी होती गं, पण ते म्हणायचा हक्क मला आता नाही. मी म्हटलं, "असेल." तो बसला. सुताराने मागाहून सांगितलं की जिन्यात लोक बरंच बोलत होते. बोलणारच.

मंडळाने गेल्या वर्षीचे माझे वासाचे गुण रद्द केले, निकाल पुन्हा मांडला आणि भिंतीवर लावला. मास्तरीण नववी. अंतिम फेरी काही पुन्हा होत नाही, पण कागद लागला. परीक्षकांच्या यादीतून माझं नाव काढलं. कायमचं, असं इतिवृत्तात लिहिलंय. मी वाचून सही केली.

उकरून काढलंस ते बरं की वाईट, असं विचारलंयस. बैठकीनंतर घरी आलो आणि मामीला म्हटलं, "आज काय शिजतंय, मला काही कळत नाही." वर्षभरात पहिल्यांदा असं मोकळं बोललो. तिने झाकण काढून एकेक सांगितलं. आता रोज सांगते. एवढ्यावरून काय ते ठरव.

एकोणीस तारखेला स्पर्धेला गेलो. मामी म्हणाली, "न गेलात तर तोंड लपवल्यासारखं दिसेल." दोन तिकिटं काढली, आणि रांगेत उभे राहिलो. सात वर्षांत त्या रांगेत मी कधी उभा राहिलो नव्हतो, मागच्या दाराने आत जायचो. लांब असते गं फार. काही ओळखीचे नमस्कार करून गेले, काहींनी तोंड फिरवलं. मामीने माझा दंड धरला होता, गर्दी आहे म्हणून, असं ती म्हणाली.

मास्तरीण या वर्षी सहावी आली. पाच वेळा बदललेलीतली चौथी बाटली तिने दिली होती. तिच्या मेजाशी आमचा नंबर आला. मला वाटलं, ग्लास ठेवील आणि पुढच्याकडे वळेल. तिने मामीला ग्लास हुंगायला दिला. मामी म्हणाली, "संत्रं आहे, पण सोलून ठेवलेलं. ताजं नाही." मास्तरणीने मान हलवली, मग ग्लास माझ्यापुढे सरकवला.

"वास सोडून बाकी सगळं सांगा."

मी घोट घेतला. म्हटलं, फेस गेल्या वर्षीपेक्षा लवकर बसतोय. कडूपणा पुढे आलाय, गव्हाची गोडी त्याच्याखाली दबलीय. गेल्या वर्षी दोन्ही एका पावलाने चालायची. आणि शेपूट, शेपूट मधेच तुटतं. मागच्या खेपेला ते हळूहळू विरत जायचं, गिळल्यावर दहा मोजेपर्यंत होतं. साल बदलली म्हणून कडूपणाचे हॉप्सही बदलले होते का?

ती मेजाखाली वाकली.

मागून एक तरुण ओरडला, "आजोबा, प्यायचीय की भाषण द्यायचंय?"

मास्तरीण ओल्या हाताने मेजाखाली काहीतरी चाचपत त्याला म्हणाली, "दोन मिनिटं थांबा. मला पेन्सिल सापडू दे."

मामा